माणसाला नसलेलं हाड

४ नोव्हेंबर
लागली बाई एकदाची नोकरी, आणि तीही राहायच्या जागेसकट! हाडांचं संग्रहालय. खाली सांगाडे, वर आम्ही दोघी, मी आणि माझी पाच वर्षांची चिमी. जिना चढताना तिनं घोड्याच्या सांगाड्याला टाटा केला. काम माझ्या आवडीचं: सुटी हाडं ओळखायची, डावं-उजवं ठरवायचं, चिठ्ठी बांधायची. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आधीच्या बाई काम अर्धवट टाकून गेल्या. गेल्या तर गेल्या, माझं भलं झालं.

६ नोव्हेंबर
डावं-उजवं कळायला आमच्या कामात एकच युक्ती: हाड स्वतःच्या अंगाला लावून बघायचं. बरगडी बरगडीवर, मांडीचं मांडीवर. शाळा सुटली की चिमी इथंच असते. माझं बघून तीही हाडं लावते आणि ओरडते, डावं! तिला सगळंच डावं. शिपाईकाका म्हणाले, पोरगी आईच्या वरताण निघणार. काय सांगू, मूठभर मांस चढलं.

८ नोव्हेंबर
आज भल्यामोठ्या माशांचा ट्रे. त्यात टीचभर लांब, कोयत्यासारखी वाकडी दोन हाडं. नाव क्लायथ्रम. माशाच्या खांद्यातलं, कल्ल्यांच्या मागचं. खांद्याची हाडं कवटीला जोडलेली, म्हणून माशाला मान नसते, वळायचं तर अख्खं अंग वळवायचं. माणसाला हे हाड नाहीच.
हे सगळं मला पाठ. तरी हात सवयीनं गेला आणि एक हाड मी उजव्या खांद्याला लावलं. मग माझं मलाच हसू आलं. अगं बये, तू काय मासोळी आहेस? पण बसलं मात्र चपखल. काढताना जरा ओढावं लागलं. मी 'उजवं' म्हटलं, तशी मागून चिमी ओरडली, डावं!

११ नोव्हेंबर
उजवं हाड ट्रेमध्ये नाही. चिठ्ठी आहे, दोरा आहे, दोऱ्याची गाठही तशीच. कपाटं पालथी घातली. मोठ्या बाईंना कुठल्या तोंडानं सांगू? नोकरी गेली तर डोक्यावरचं छप्परही जाईल. चिमी खांद्यावर डोकं टेकून बसली होती, लगेच उठली. म्हणाली, टोचतंय.

१२ नोव्हेंबर
काखेत कळसा! आंघोळीच्या वेळी बोटांना लागलं. गळ्यापासून वर कानाकडे, टीचभर, वाकडं. दाबलं तरी दुखत नाही, हेच वाईट. डॉक्टर म्हणाले सूज आहे. मी चिडले, म्हटलं नीट चाचपा. त्यांनी चाचपलं आणि मग माझ्याकडे बघेनातच.

१४ नोव्हेंबर
मान उजवीकडे वळत नाही. शिपाईकाका म्हणाले, आधीच्या बाईंचंही शेवटी असंच, हाक मारली की अख्ख्या वळायच्या. काकांना तो ताठा वाटायचा. मी ट्रे उलटा केला. खाली पेन्सिलीनं लिहिलंय, अंगाला लावू नये. नोंदवहीत ही हाडं चार लिहिलीत, दोन माशांची. मला दोनच मिळाली होती.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. माझं होईल ते होवो. डावं हाड कपाटात टाकून कुलूप लावलंय. चिमीला खाली यायची बंदी. रडली. रडू दे.

१५ नोव्हेंबर
मान आता कुठंच वळत नाही. कानामागे एक चीर — पाणी लावलं की बरं वाटतं. बादलीपाशीच बसून आहे. चिमी जवळ येते, मी हाकलते. जीव तुटतो माझा —

१६ नोव्हेंबर
कुलूप उघडलं. डावं हाड नाही. नुसती गाठ मारलेली चिठ्ठी.
त्या दिवशी मागून ओरडली होती. डावं. तिच्या हातात काय होतं, मी वळून बघितलंच नाही. तेव्हा मान वळत होती माझी —

दुपार
चिमी मागे उभी आहे. आरशात दिसते. जवळ घ्यायचा धीर होत नाही. बोटांनी चाचपायचाही नाही. म्हटलं, बाळा, खिडकीकडे बघ बरं. पाय नाही हलवायचे हं, नुसती मान वळव.
देवा, एवढं एकच —
ती हसली. हो म्हणाली. आणि अख्खी वळ