माप बरोबर आहे

४ ऑक्टोबर, शनिवार

चि. बुटकोबास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावात सलाम.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण रंध्याच्या आवाजात त्याचं कोण ऐकतंय! तुझं गोदामातलं काम कसं आहे? वेळेवर जेवतोस ना?

मोठी बातमी म्हणजे चर्चमधलं उपदेशाचं नवं पुलपिट मी केलं. जुन्याला वाळवी लागली होती. उपदेशकाने हात टेकवला की त्याच्याआधी तेच कण्हायचं. नवं अस्सल सागाचं आहे. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेत आणि पॉलिश असं की समोर उभं राहून भांग पाडावा. हो, करतेय गर्व. अप्पांनी शिकवलेल्या हातांचा गर्व मी देवापासूनही लपवत नाही.

फक्त लोक म्हणतात, मापात चुकली. तू पाळकपण सोडून गेल्यापासून दुसरा पाळक कुणी टिकला नाही, पाहुणे उपदेशक येतात आणि प्रत्येकाला वाकून पवित्र शास्त्र वाचावं लागतं. परवाचा तर ताडमाड होता, बिचारा अर्धा दुमडला. खजिनदारकाकू म्हणाल्या, "अगं, वय झालं तुझं! टेपवरचे आकडे दिसत नाहीत का?" मी म्हटलं, "वाकू देत की, थोडी नम्रता येते." मंडळी हसली, मीही हसले.

माझं माप चुकत नाही, हे तुला ठाऊक आहे. ते पुलपिट तुझ्या कोपराला बरोबर लागेल.

आता चिडू नकोस. भावजय गेली, त्यानंतरच्या रविवारी तू शास्त्र उघडलंस, मिटलंस, "माझ्याकडे शब्द नाही" म्हणालास आणि खाली उतरलास. तिच्यासाठी मीही देवाकडे मागितलं होतं रे, तिच्या उशाशी बसून, हट्टाने. नाही मिळालं. का, ते मला आजही कळलेलं नाही, आणि कळलंय म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण म्हणून मागणं सोडू? बापाकडे नाही मागायचं तर काय शेजाऱ्याकडे?

तुझ्यासाठी रोज मागते. "याला परत उभा कर" म्हणते, लगेच आभार मानते आणि कामाला लागते. पुलपिट हे त्यातलंच काम.

तर, सांगायचं होतं ते असं. मागच्या रविवारी चर्चच्या वडील मंडळींनी विचारलं, १२ तारखेला नव्या पुलपिटाच्या समर्पणाला उपदेश कोण करणार? मी उभी राहून म्हटलं, "माझा भाऊ." मग मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं आणि बघता बघता सगळं चर्च म्हणालं. माझे डोळे भरून आले. काय ताठ उभी होते मी!

तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास. शब्द नसतील तर नसू देत. वर चढ आणि नुसता उभा राहा, आम्हाला तेवढंही पुरेल.

आणि हो, "तो नाही आला तर?" म्हणून काकू दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवणार होत्या. मी सांगू दिलं नाही. १२ तारखेला दुसरं कुणीही येणार नाही.

पहिल्या बाकावर तुला ऐकायला बसलेली,
तुझी ताई