एकोणऐंशीच्या कोंबीला शहाऐंशीचे पाय

तीर्थरूप ओतासिल्योदादास,

धाकट्या झुल्मिराचा नमस्कार. आशीर्वाद आधीच देऊन टाक, कारण पत्र वाचून झाल्यावर देशील याची मला खात्री नाही. गुडघा कसा आहे? नेइदेवहिनी अजून अळणी जेवायला घालते का? (आमचा वाग्नेर सांगत होता, तू गुपचूप सॉसेज खातोस. खा बापडा, पण तोंड धूत जा. बायकांना वास येतो.) मी ठणठणीत आहे.

आता मुद्द्याचं. आई गाडीसकट इरासेमाच्या केळ्यांत घुसली, हे माझ्या याच लाडक्या लेकाने तुझ्या कानावर घातलंच असेल. घुसले. नाही म्हणत नाही. बाजाराचा दिवस, माझ्या एकोणऐंशी सालच्या कोंबी व्हॅनमध्ये उसाच्या मोळ्या, रसाचं यंत्र, गॅसची टाकी, खिमा भरलेले पेस्तेल तळायची कढई, आणि रोझारियोचा उतार. निम्म्यावर आले आणि ब्रेकवरचा पाय जो खाली गेला तो गेलाच. मी खिडकीतून ओरडते आहे, "बाजूला व्हा!" आणि इरासेमा जागची न हलता विचारते, "का गं?" अगं, का गं काय! माणूस कुणी दुखावलं नाही, देवाची कृपा, पण केळ्यांचा पार शिरा झाला. वाग्नेर दुसऱ्याच दिवशी बेलो ओरिझोन्तेहून हजर. म्हणाला, गाडीवाल्यांच्या संत क्रिस्तोव्हाच्या सणापर्यंत ब्रेक धड झाले नाहीत तर गिऱ्हाईक घेऊन येतो, गाडी विकायची आणि तू आमच्याकडे राहायचं. सहाव्या मजल्यावर! तिथे मी रस कुणाला विकू, कबुतरांना? दादा, मी त्याच्यासमोर हसले, पण रात्रभर डोळा लागला नाही. ती गाडी गेली की मी नुसती कुणाची तरी सासू उरेन.

म्हणून वाल्दिविनोकडे गेले. (तोच, चर्चमागचा मिस्त्री, ज्याच्या लग्नात तू नाचताना पडलास.) त्याचं म्हणणं, माझ्या गाडीला चारी चाकांना जुने ड्रमचे ब्रेक, उतारावर तापले की पकड सोडतात. आणि त्याच्या आवारात एक शहाऐंशीची कोंबी मागून चेपलेली पडली होती, पुढून मात्र नव्या नवरीसारखी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. तो म्हणाला, हिचा पुढचा आख्खा आस काढू आणि तुझ्या गाडीला लावू. मी म्हटलं, सात वर्षांचा फरक आहे, बसेल कसा? तर म्हणे, बघूया की. आणि दादा, बसला! तेच बोल्ट, तीच भोकं. मी खाली उताणी पडून बघत होते आणि मला इतकी गंमत वाटली म्हणून सांगू! कारखान्यात कुणीतरी सगळं बदलायला निघाला असेल आणि ही भोकं मात्र तशीच राहू दे म्हणाला असेल. कोण असेल तो? त्याला माझ्यासारखी कुणी आत्या-मावशी असेल का?

पण त्याच कारखान्यात दुसराही एक माणूस होता, आणि त्याला मी सोडणार नाही. त्याने चाकांची भोकं बदलली! पाचाची पाचच ठेवली, पण जवळजवळ आणली. का? इतकी वर्षं लांब होती तेव्हा कुणाचं काय बिघडलं होतं? वाल्दिविनोला विचारलं तर म्हणतो, "दोना झुल्मिरा, मी लावतो, मी विचारत नाही." असला कसला मिस्त्री! झालं काय, पुढे शहाऐंशीची चाकं, मागे माझी जुनी, आणि जादा चाक आहे ते फक्त मागे चालतं. म्हणजे पंक्चर व्हायचंच असेल तर ते मागेच व्हावं, अशी सोय.

बरं, मग निघाले. पुलापर्यंत झकास. पुलावर गाडी जड झाली, पलीकडे पुढच्या चाकांतून धूर, आणि घोड्याने पाय रोवावा तशी जागच्या जागी उभी. पूर्वी थांबत नव्हती, आता हलेना! मागे उभ्या दुधाच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवून माझ्या तीन पिढ्यांची चौकशी केली. वाल्दिविनो आला, डोकं खाजवत बसला. म्हटलं, हे काय गौडबंगाल आहे ते बघूच. चाकामागचा छोटा स्क्रू जरा सैल केला, तर ब्रेकच्या तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं! म्हणजे पाय काढला तरी नळीत दाब उरतच होता. मग आम्ही दोघं त्या पुलावर बसून यावर बोललो. (दूधवाला पण. तोवर त्याचा राग गेला होता, शिवाय पेस्तेल होते.) ब्रेकच्या पेडलखालचा सिलिंडर राहिला होता माझाच जुना. त्याला सवय, ड्रमसाठी नळीत थोडा दाब धरून ठेवायची. ड्रमला ते चालतं. डिस्क बिचारी भोळी, तिला वाटतं बाई अजून दाबतेय, ती सोडतच नाही. मग शहाऐंशीचा सिलिंडरही काढून लावला, आणि चाकं मोकळी झाली.

तरी गाडी नाक वर करून उभी राहायला लागली, कुणाशी भांडून आल्यासारखी. नव्या आसातल्या स्प्रिंगच्या पट्ट्या ताठ. तुला वाटेल, दिसेना का तशी! अरे, कढईतलं तेल सगळं मागच्या दाराकडे! पेस्तेल एका टोकाला काळे, दुसऱ्या टोकाला पांढरेफटक. गिऱ्हाइकं विचारायला लागली, हा नवा प्रकार का? शेवटी माझ्या जुन्या आसातल्या पट्ट्या नव्यात सरकवल्या. त्याही बसल्या! (त्या पहिल्या माणसाचं देव भलं करो.) आता तेल सपाट.

एक शंका मात्र राहिली होती. दर जुलैत त्या सणाला पाद्रे आन्सेल्मो गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, ते पुढूनच शिंपडतात. पुढचा भागच गेला म्हणजे आशीर्वादही भंगारात गेला की काय? बरं, शहाऐंशीच्या गाडीलाही आशीर्वाद होता, पण दुसऱ्या गावचा, आणि तरी तिला मागून ट्रकने ठोकलं. मी पाद्रेंना विचारलं, गाडी आता निम्मीच आशीर्वादाची धरायची का? ते म्हणाले, "झुल्मिरा, तू आधी उतारावर थांबून दाखव, मग मी बादलीभर ओततो." पाद्रे असून किती चावट बोलतात.

असो. पत्र लांबलं. वहिनीला माझा नमस्कार, तुला पुन्हा एकदा.

तुझी,
झुल्मिरा

ता. क. तुझ्या अंगणात रबरी नळी गुंडाळायला जे चाक ठेवलंयस, ते नव्या कोंबीचं आहे. भोकं जवळजवळची. मला पुढच्यासाठी जादा चाक हवंय. ते घेऊन ये. टपालाने पाठवू नकोस, ये.

ता. क. २. वाग्नेरची एक अट सांगायची राहिली. माझ्यावर त्याचा विश्वास नाही, वाल्दिविनोवर त्याहून नाही. म्हणाला, मामाने जन्मभर बस चालवली, मामा शेजारी बसून रोझारियोचा उतार उतरला आणि गाडी ठीक आहे म्हणाला, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तेव्हा सणाच्या आधी ये. शेजारी बसायचं, दादा. तुला दुसऱ्याच्या शेजारी बसता येत नाही हे सगळ्या मिनास प्रांताला माहीत आहे, पण किल्ली मी देणार नाही.

ता. क. ३. चाकं वाल्दिविनोकडे भिंतीला टेकून ढिगाने पडली आहेत. पण गुडघा, गुडघा म्हणत तू घरात बसलायस, आणि नुसतं बहिणीला भेटायला जातो म्हटलं तर वहिनी सोडायची नाही. चाक द्यायला म्हटलं तर सोडेल.

ता. क. ४. आता खरंच शेवटचं. काल कुणाला न सांगता मी एकटीच उतरून आले. भरलेली गाडी घेऊन. इरासेमाच्या केळ्यांच्या हातभर अलीकडे थांबवली, मुद्दाम. ती पुन्हा जागची हलली नाही, कमाल आहे बाईची! आणि मला इतका आनंद झाला की शेजारच्या सीटकडे वळून मी मोठ्याने म्हणाले, "बघितलंस?" सीटवर उसाची मोळी होती. तू ये.