दोनशे चौदा नावांची वही

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (या खेपेस खरोखरच आडवी पडून लिहिते आहे, बसायचं बळ नाही). तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे बाबा मजेत आहेत, आणि तीच मोठी काळजी आहे.

तुम्ही दिलेल्या संगणकाने सोमवारी कळवलं की यंत्रणेच्या काही फायली खराब झाल्या आहेत. सोबत यादी दिली. शाळेत जाण्याआधी मी जे शिकले ते बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी, हे तुम्ही जाणताच. गंजलेला भाग आधी बाहेर काढायचा आणि त्याचं नाव वहीत क्रमाने लिहायचं, म्हणजे उलट क्रमाने सगळं परत बसवता येतं. मी तसंच केलं. दोनशे चौदा फायली पुसल्या, एकेकीचं नाव नीट अक्षरात लिहिलं. मग संगणक सुरू होईना, तेव्हा उमगलं की माझ्यापाशी नावं आहेत, फायली नाहीत.

आता तो आपणहून दुरुस्तीला लागला आहे. 'बंद करू नका, बासष्ट टक्के.' दोन दिवस बासष्टच. फ्यूज उडेल या भीतीने मी आईला इस्त्री लावू देत नाही. ती चुरगळलेल्या कपड्यांत ऑफिसला जाते आणि माझ्याशी बोलत नाही. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "ताई, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल." सगळं म्हणजे काय, असं मी विचारलं. "सगळं म्हणजे सगळं."

त्या सगळ्यात बाबांचं घड्याळांवरचं पुस्तक आहे, तीन वर्षं एका बोटाने टाइप केलेलं. संगणक तपासणीला बसलाय, एवढंच मी त्यांना सांगितलं आहे (हे खोटं नाही, पण खरं म्हणायलाही जीभ रेटत नाही). कृपा करून तुम्ही त्यांना काही कळवू नका. काय करू ते मला कळवा.

तुमची भाची

ता. क. दुरुस्ती आत्ताच संपली. 'काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत.' कोणत्या, ते सांगत नाही.

आणखी ता. क. माझं प्रत्येक पत्र बाबा तपासतात. लहानपणापासूनच्या सवयीने मी हेही त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि पाकीट आणायला गेले. जिन्यात आठवलं. परत येईपर्यंत त्यांनी दोन स्वल्पविराम लाल शाईने घातले होते आणि खाली लिहिलं होतं, "पुस्तक मागच्या वर्षी पेनड्राइव्हवर तुझ्या मामाला वाचायला दिलं होतं. त्याने उघडलंही नसेल, म्हणजे शाबूत असणार."

मामा, उघडलं नसेल तर कुणी रागावणार नाही. फक्त आता उघडू नका. तसंच पाठवा.