मधली पट्टी परत पाठवण्याबाबत

तीर्थस्वरूप थोरले साडूभाऊ यांना, धाकट्या साडूचा वाकून नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असावी अशी मनापासून इच्छा आहे, पण ती तशी नाही असं ताईंच्या फोनवरून कळलं. आमच्याकडचा आठ दिवसांचा मुक्काम आटोपून गेल्यापासून तुमचं डोकं दुखतं आणि जिना उतरताना पायरी चुकते म्हणे. काळजी घ्या. ताईंनाही नमस्कार सांगा. (अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलंय, ते रागामुळे. राग कसला, ते आता सांगतो.)

आपल्या सासरेबुवांचा शिरस्ता तुम्हाला माहीत आहेच. एका जावयाला जे दिलं, तंतोतंत तेच दुसऱ्याला, म्हणजे कुणी रुसायला नको. तशी एकसारखी छत्री, एकसारखी बॅग, एकसारखी चष्म्याची फ्रेम आणि एकसारखा सेफ्टी रेझर आपण दोघं वापरतो. फरक एवढाच, की मी माझा रेझर सांभाळतो. दाढी झाली की दांडा, मधली दातेरी पट्टी आणि वरची टोपी सुटी करतो, कोमट पाण्याखाली धरतो, जुन्या टूथब्रशने दात्यांतला साबण काढतो. ब्लेड नुसतं झटकतो, पुसत नाही (टॉवेलने ब्लेड पुसणाऱ्या माणसाबद्दल काय बोलावं? टॉवेलही जातो आणि धारही). आठवड्यातून एकदा दांड्याच्या आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. जुनी ब्लेडं खाच पाडलेल्या डब्यात. तुमच्या रेझरवर मात्र साबणाचा असा थर होता, की खालचा धातू कुठल्या रंगाचा ते देवालाच ठाऊक.

तुम्ही रविवारी गेलात आणि सोमवारी माझी हनुवटी कापली. मंगळवारी गाल. बुधवारी कानाच्या पाळीखाली, जिथे दाढी उगवतही नाही. अकरा वर्षांत ज्या रेझरने मला ओरखडा काढला नाही, तो एकाएकी वैरी कसा झाला? आधी मला बायकोचा संशय आला, की तिने माझ्या ब्लेडने ब्लाउजची शिवण उसवली असणार. तसं विचारलं, तर तिने दोन दिवस माझ्याशी फक्त मिठाच्या संदर्भात बोलणं ठेवलं. मग ब्लेडच्या पाकिटासकट दुकानदाराकडे गेलो आणि माल बोथट आहे असं चार गिऱ्हाइकांदेखत ठणकावलं. त्या उर्मट माणसाने तिथल्या तिथे माझ्याच पाकिटातलं ब्लेड काढून कागद उभा चिरून दाखवला आणि वर म्हणतो, “काका, दिवा लावून दाढी करत जा.” दिवा! बाथरूममधला दिवा मी त्याच दिवशी मोठा बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी ओठ कापला. ऑफिसात तर मांजर पाळलंय का, असं साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं आणि सगळे हसले. (त्या ऑफिसबद्दलही लिहिण्यासारखं आहे. हल्ली छपाई इतकी फिकट करतात, की फाइल हातभर लांब धरावी लागते. सगळीकडे हलगर्जीपणा!)

शेवटी काल रेझर सुटा करून खिडकीत बसलो आणि उलगडा झाला. मधल्या पट्टीवर कंपनीचं नाव कोरलेलं आहे, ते मला एरवी लख्ख वाचता यायचं. आता ती अक्षरं पार झिजून पुसट झाली आहेत. म्हणजे ती पट्टी माझी नव्हेच! ती तुमची, वर्षानुवर्षं न घासल्याने सडलेली, आणि माझी खणखणीत पट्टी तुम्ही खुशाल घेऊन गेलात. साडूभाऊ, तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून शब्द आवरतो. पण माझ्या चेहऱ्यावर सध्या कागदाचे सहा तुकडे चिकटलेले आहेत आणि येत्या रविवारी सासरेबुवा जेवायला येणार आहेत. आल्या आल्या ते जावयाची हनुवटी बघतात, हे तुम्हाला सांगायला नको. बायकोने तर सांगून टाकलंय, की त्यांच्यासमोर असा अवतार दिसला तर रेझर भंगारात जाईल आणि माझ्या हातात दाढीचं घर्रघर्र करणारं मशीन येईल. अकरा वर्षांच्या निगेचं हे फळ?

तरी तुमची पट्टी सोबत पाठवली आहे, माझी उलट टपाली पाठवावी.

आपला,
धाकटा साडू

ता. क. तुम्ही म्हणाल, अदलाबदल झालीच कशी? तर तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा मला राहवलं नाही आणि मी तुमचाही रेझर उघडून, माझ्या रेझरबरोबर एकाच मगात बुडवून घासला. तेव्हा चूक झाली असेल तर ती माझ्या हातून झाली, हे कबूल. पण मुळात रेझर इतका घाण ठेवलात कशाला?

ता. क. भाऊजी, हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी मी लिहिते. पट्टीवरचं नाव मला स्वच्छ वाचता येतं. कालपर्यंत यांच्या नाकावर होता त्या चष्म्याच्या दांडीला आतून नेलपॉलिशचा ठिपका आहे, तो ताईने तुमच्या चष्म्याला खूण म्हणून लावलेला. तुमचं डोकं का दुखतं तेही आता कळलं असेल. पट्टी मी काढून घेतली आहे आणि तिच्या जागी तुमचा चष्मा घातला आहे. यांचा शनिवारी रात्रीपर्यंत पोचेल असा पाठवा, त्याआधी नको. यांना मी काहीच सांगितलेलं नाही. सकाळपासून घरभर चष्मा शोधताहेत, आणि तो मिळेपर्यंत दाढी करता येणार नाही, म्हणजे बाबा येईपर्यंत हनुवटी तरी भरून येईल.