दुधातलं जस्त

सासूबाई,

रोमेलियाच्या तोंडाभोवतीचे चट्टे गेले! तुम्ही झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. ‘तुझ्या दुधातच खोट आहे, मुकाट्याने पावडरीचा डबा आण,’ म्हणत होतात ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध चांगलं आहे, त्यात जस्त तेवढं कमी पडतं. त्यांच्या थेंबांनी ते भरून निघालं.

आजपासून मी पुन्हा पेपरच्या कचेरीत जाते आहे. फ्रिजमध्ये माझं दूध काढून ठेवलंय, ते गरम पाण्यात ठेवून कोमट करा. थेंब चुकवू नका आणि बडीशेपेचं पाणी पाजू नका. आणलेला पावडरीचा डबा दुकानात परत केला.

ओट्यावर अंडं ठेवलंय. परवा ते अंगावरून फिरवून पोरीची दृष्ट काढलीत, आज माझ्या दुधाची काढा.

निएवेस