सहाव्या पानावरचे कार्यक्रम

८ फेब्रुवारी

चि. भावजींना,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक चिमटा.

नाही हो, सही केलेली नाही. कागद पोचले. केवढा तो गठ्ठा! दुपारी उशाला घेतला तर मान आखडली. जिथं जिथं सही हवी तिथं तुमच्या वकिलांनी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. मी पडले गावच्या शाळेतली सातवी पास. ‘उपरोक्त’ आणि ‘तदनंतर’ यांतून वाट काढत कशीबशी तिसऱ्या पानापर्यंत गेले आणि चहा ठेवायला उठले.

मला कळलं ते एवढंच. चार गावांतले आपले चार पेपर, छापखाना आणि ऑफिसची इमारत, सगळं एकगठ्ठा जायचंय. आणि जायचंय ते त्याच कंपनीकडं, जिनं मागच्या वर्षी आपली तिन्ही टीव्ही स्टेशनं घेतली. म्हणजे थोरल्या लेकी दिल्या त्याच घरात धाकट्याही द्यायच्या. तुमच्या ऑफिसात मोजदाद करायला जो माणूस येऊन बसलाय, त्याला मी आजपासून जावईच म्हणणार. त्याचा पाहुणचार नीट करा, रुसला तर पंचाईत!

तुमची सही झालीय, आता अडलंय ते माझ्यापाशी, कारण स्टेशनं विकली त्यापाठोपाठ हे गेले आणि यांचा अर्धा वाटा माझ्या नावावर आला. जन्मभर या घरात माझं कुणी ऐकलं नाही, आता सगळे माझ्या सहीकडं डोळे लावून बसलेत. थोडी मजा घेऊ द्या की मला.

तुमची सून फोनवर म्हणाली की ऑफिसचा जिना चढताना मध्येच थांबता आणि कुणी बघितलं तर भिंतीवरची जुनी छायाचित्रं बघत असल्याचं सोंग करता. सोंगं पुरे. गोळ्या टेबलाच्या खणात ठेवायला दिलेल्या नाहीत, गिळायला दिल्यात. पेपर रोज येतो हो. छान निघतोय.

लोभ आहेच, तुमच्या कामाच्या रगाड्यात तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

चिमटा पोचला. बऱ्याच दिवसांनी हसलो, तर शेजारच्या टेबलावरच्यांनी दचकून माना वर केल्या.

तुमचा जावई खुर्च्या उलट्या करून खालचे आकडेसुद्धा टिपून घेतो. काल त्यानं आपला पेपर उघडला, सहाव्या पानावर थांबला आणि तोंडावर हात धरून हसायला लागला. मग त्यानं मला ते पान दाखवलं. ‘आज आपल्या वाहिन्यांवर’ या चौकटीत आपल्या तिन्ही स्टेशनांचे कार्यक्रम छापून येतात ना, ते सगळे जुने आहेत वहिनी. स्टेशनं विकली त्या आठवड्यातले! त्यातले निम्मे कार्यक्रम त्यांनी कधीच बंद केलेत.

पान लावणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, थोरल्या साहेबांचा हुकूम होता, काही झालं तरी ती चौकट रिकामी जाता कामा नये. विकल्यावर तिकडून यादी येणं बंद झालं, म्हणून यांनी शेवटचा आठवडाच आलटून पालटून लावला. दादा गेले, हुकूम राहिला. मी रागवायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, पान तर रोज माझ्याही नजरेखालून जातं.

पण त्याहून मनाला लागलं ते निराळंच. वर्ष होत आलं, चार गावांतून एकाही वाचकाचा फोन नाही. तुमचाही कसा आला नाही, वहिनी?

खरं सांगायचं तर मी दमलोय. सकाळी बुटात पाय घालायला बसतो आणि तसाच बसून राहतो. डॉक्टर म्हणतात, आता हे सोडा. दादा गेले तेव्हाच सोडलं असतं. पण तुम्ही लिहिलं होतंत, की रोज सकाळी दारातला पेपर उचलता, दादांच्या खुर्चीत बसता आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून काढता. तेवढ्या एका वाचकासाठी ओढत आलोय. माझी सही घाबरत घाबरत झालीय. तुम्ही नको म्हणालात तर ती फाडून टाकीन आणि होईल तितकं ओढीन. तुमच्या घरातून दादांचा पेपर मी बंद केला, असं व्हायला नको.

तुमच्या एका शब्दावर सगळं थांबलंय. माया असू द्या.

तुमचा दीर


२६ फेब्रुवारी

चि. भावजींना,
आशीर्वाद. या खेपेला चिमटा नाही, धपाटाच.

सहाव्या पानाचं वाचून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. यांचा हुकूम म्हणजे हुकूम! घरातसुद्धा एकदा बंद पडलेलं घड्याळ काढायचं नाही म्हणाले, ते अजून भिंतीवर आहे. पान लावणाऱ्यांना बोलू नका. माणूस जाऊनही त्याचं ऐकणारी माणसं आता कुठं मिळतात?

सही केली. प्रत्येक पिवळ्या चिठ्ठीपाशी केली, एके ठिकाणी तर चुकून चिठ्ठीवरच केली. वकिलांना म्हणावं, चष्मा जुना आहे. गठ्ठा या पत्रासोबतच पाठवतेय. जावयाला माझा एवढा निरोप द्या, की छापखान्यातली जुनी माणसं खुर्च्यांसारखी उलटी करून बघू नका.

तुम्ही आता घरी बसा. बूट घालूच नका, चपलेत फिरा. आठ दिवस माझ्याकडं येऊन राहा, काही काम सांगणार नाही. एक नळ तेवढा गळतोय.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे. तब्येतीवर थोडा जडू द्या.

तुमची वहिनी

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फाडलं. फोन का केला नाही, हे तुम्ही विचारलं होतंत. भावजी, मी पेपर वाचत नाही. हे गेले तेव्हापासून एकदाही घडी मोडलेली नाही. सुरुवातीला मांडीवर घेऊन बसायचे, मग तेही सोडलं, दिवाणाखाली थप्पी लागलीय. वाचते म्हणून लिहिलं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून, आणि तुम्ही त्यावर गाडा ओढत बसलात. मी संध्याकाळी टीव्ही लावते, आपलंच विकलेलं मोठं स्टेशन. चांगलं चालवतात हो ते. आपल्यापेक्षा चांगलं.