फेरीबोटीत गाडी उलटी चढवतात

तीर्थस्वरूप ताईंना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात बाकावर आडवा होऊन लिहितो आहे, त्यामुळे नमस्कार शब्दशः खरा मानावा.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता ना, की माझ्यासारखं नुसतं 'उद्यापासून नक्की'? तुमची बहीण गाडीसकट सुखरूप पोहोचली असेल. मी पोहोचलेलो नाही, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. तिने काय काय सांगितलं असेल, याचा अंदाज आहे. तरी माझीही बाजू ऐकून घ्यावी म्हणून हा पत्रप्रपंच. फोन केला असता, पण फोन गाडीत आहे आणि गाडी तुमच्या अंगणात.

तुमच्या ऑपरेशनचं कळल्यापासून हिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हमरस्त्याने आलो असतो तर काल दुपारी ती तुमच्या उशाशी असती. पण मी म्हटलं, समुद्राच्या कडेकडेने जाऊ, शेवटी फेरीबोटीने खाडी ओलांडू, जरा निसर्ग बघू. आता निसर्गाशी माझं सख्य किती, हे तुम्ही जाणताच (तुमच्या गच्चीवरून सूर्यास्त बघताना मला झोप लागली होती). खरी गोम अशी, की हमरस्ता तुमच्या द्वीपकल्पात शिरतो तिथे इतका चिंचोळा होतो, की समोरून कोणी आलं तर एकाला गाडी मागे घ्यावी लागते. आणि मी गाडी पुढे फार सुरेख नेतो. मागे नेण्याचा योग अजून आलेला नाही. मॉलमध्येसुद्धा मी गाडी अशी लावतो, की निघताना सरळ पुढे जाता येईल. तशी जागा मिळाली नाही तर आम्ही खरेदी न करता घरी येतो.

तर निसर्गाचं सांगत होतो. या रस्त्यावर बघण्यासारखं जे जे आहे, ते कुठल्या ना कुठल्या आडरस्त्याच्या टोकाला आहे, आणि टोकाला गेलं की वळायला जागा नाही. दीपगृह बघायचं हिच्या फार मनात होतं. मी म्हटलं, दीपगृहं लांबूनच बरी दिसतात, बांधलेलीच त्यासाठी असतात. कडे, पुळण, पक्षी, सगळं तिने धावत्या काचेतून बघितलं. एका वळणावर समोर भरलेली बस आली. मी शांतपणे इंजिन बंद करून चष्मा पुसत बसलो. शेवटी बसवाल्याने बस मागे घेतली. बसमधले प्रवासी खिडक्यांतून माझ्याकडे बघत होते. मी हात हलवला, कोणी हलवला नाही. 

संध्याकाळी धक्क्यावर पोहोचलो. बोटीत एका तोंडाने शिरायचं आणि दुसऱ्या तोंडाने निघायचं, अशी माझी भाबडी समजूत. या बोटीला तोंड एकच! गाड्या उलट्या चढवायच्या, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतात, असं गाड्या चढवून घेणाऱ्या शिट्टीवाल्याने समजावलं. मी प्रयत्न केला. पहिल्यांदा गाडी तिकिटाच्या खिडकीकडे गेली, दुसऱ्यांदा समुद्राकडे. मागे रांगेत भोंग्यांचा नुसता कल्लोळ. तेव्हा ही एवढंच म्हणाली, "उतरा." उतरलो. (ती गाडी शिकली तेव्हा शेजारी बसून मी इतक्या सूचना केल्या होत्या, की तिने पुन्हा चाकाला हात लावला नव्हता.) आणि ताई, तिने एका दमात, आरशात बघत, गाडी लोण्यासारखी आत नेली. मी आपला बोटीत चढायच्या फळीच्या अलीकडे, धक्क्यावर उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करतोय. फळी उचलली गेली तेव्हाही माझे हातवारे चालूच होते. दिवसाची शेवटची बोट होती ती.

आज सकाळच्या बोटीने शिट्टीवाल्याच्या हाती तिचा निरोप आला: "सावकाश या. निसर्ग बघत या." ताई, हसू नका. एरवी रागावली की ती भांडते आणि मला बरं वाटतं. हे असलं शांत बोलणं तिने आजवर कधी केलं नव्हतं. काल तिची बोट लांब जाताना बघून मला रडूच यायचं बाकी होतं. तिच्यावाचून मला चैन पडत नाही, हे तिला सांगायची माझी छाती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

प्रकृतीला जपा.

तुमचा,
धक्क्यावर राहिलेला मेहुणा

ता. क. : निरोपाबरोबर माझी कपड्यांची बॅगही आली. आठवडाभराचे कपडे आहेत, इस्त्री केलेले. याचा अर्थ काय घ्यायचा? ती तुमच्या सेवेला आली आहे, हवी तितकी राहू दे. फक्त राग किती आहे, ते काढून घ्या.

ता. क. दुसरा : गाडी मागे घ्यायला ती मला शिकवेल का, हेही विचारा. शेजारी बसून तिने वाटेल तितक्या सूचना द्याव्यात.

ता. क. तिसरा : पत्र पाठवून उत्तराची वाट बघत बसवेना, म्हणून दुपारच्या बोटीने पायीच आलो. हे पत्र ज्याने तुमच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं, तो मीच. फाटकाशी उभा आहे. आत येऊ का, एवढं तिला विचारून सांगा. आणि ठरायला वेळ लागणार असेल, तर एक खुर्ची तेवढी बाहेर पाठवा.